प्रिंटरमधले अंगभूत फॉन्ट टेक्‌मध्ये कसे वापरायचे: मापापासून कागदापर्यंत

पडद्यावर पान अगदी नीट दिसत होतं. प्रिंटरमधून बाहेर आलं तेव्हा टाइम्समध्ये हवा असलेला सगळा मजकूर कुरिअरमध्ये होता. शब्द एकमेकांच्या अंगावर चढले होते आणि ओळींची उजवी कड पार विस्कटली होती. मी दोन दिवस फॉन्टची फाइल तपासत बसलो, आणि चूक त्या फाइलमध्ये नव्हतीच. कोणत्या नावाला प्रिंटरमधला कोणता फॉन्ट हे सांगणाऱ्या नकाशाच्या फाइलमध्ये फॉन्टचं नाव लिहिताना ‘टाइम्स’ आणि ‘रोमन’ यांच्यामधली जोडरेघ राहिली होती. प्रिंटरला त्या नावाचा फॉन्ट सापडला नाही, म्हणून त्याने आपल्याजवळचा कुरिअर काढून दिला.

त्या दोन दिवसांत एक गोष्ट मात्र पक्की समजली. अक्षरजुळणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला, म्हणजे इथे टेक्‌ला, अक्षराचा आकार लागतच नाही, त्याला फक्त मापं लागतात. प्रिंटरला मापं लागत नाहीत, त्याला फॉन्टचं नेमकं नाव लागतं. आणि कितव्या क्रमांकावर कोणतं अक्षर आहे याबद्दल दोघांचं एकमत लागतं. माप, नाव आणि क्रमांक या तीन गोष्टी जुळल्या की काम झालं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या तीन गोष्टी जुळवण्यासाठीच आहेत.

वाचताना एक लक्षात ठेवा. आज्ञांची आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप करायची. नावातले अंक तसेच अंक म्हणून टाइप करायचे. प्रिंटरमधल्या फॉन्टांची नावं, नकाशातले ‘रीएन्कोडफॉन्ट’ (ReEncodeFont) आणि ‘स्लँटफॉन्ट’ (SlantFont) हे शब्द आणि ‘डीव्हीआयपीएसडाउनलोडबेस३५’ (dvipsDownloadBase35) हा पर्याय एवढे अपवाद, त्यांत मोठी अक्षरंही असतात.

हे करायची गरज आहे का?

आधी हा प्रश्न स्वतःला विचारा. टाइम्स, हेल्व्हेटिका, पॅलाटिनो यांसारख्या नेहमीच्या फॉन्टांसाठी सगळी जुळवाजुळव कधीच झालेली आहे. टेक्‌वरच उभ्या असलेल्या लाटेक्‌सोबत येणाऱ्या पीएसएनएफएसएस या संचात तयार मापं, तयार नकाशे आणि तयार पॅकेजं आहेत. सेबास्टियन रात्झ यांनी तो संच उभा केला आणि पुढे वॉल्टर श्मिट यांनी सांभाळला. मजकूर आणि गणित दोन्ही टाइम्समध्ये हवं असेल तर ‘मॅथपीटीएमएक्स’ हे पॅकेज पुरतं. सोबत हेल्व्हेटिका वापरायचा असेल तर ‘हेल्व्हेट’ पॅकेजला ‘स्केल्ड’ हा पर्याय जरूर द्या. एकाच पॉइंटात हेल्व्हेटिका टाइम्सपेक्षा मोठा दिसतो, आणि हा पर्याय त्याला ९५ टक्क्यांवर आणतो.

स्वतःच्या हाताने काम करायची वेळ येते ती या संचाबाहेरचा फॉन्ट प्रिंटरमध्ये असेल तेव्हा. एकाच प्रिंटरवर हजारो अर्ज, चिठ्ठ्या किंवा लेबलं छापायची असतील आणि प्रत्येक कामासोबत फॉन्ट पाठवायचा नसेल, तेव्हाही ते करावं लागतं. कमी मेमरीच्या जुन्या प्रिंटरवर तर हाच शहाणपणाचा मार्ग. पण जो दस्तऐवज दुसऱ्या कुणाला पाठवायचा आहे त्यात अंगभूत फॉन्टाच्या वाटेला जाऊ नका. तिथे फॉन्ट फाइलमध्येच बसवून द्यावा, कारण समोरच्याच्या प्रिंटरमध्ये काय आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं. आणि हेही सांगून ठेवतो की या नेहमीच्या अंगभूत संचात देवनागरी नसते. देवनागरी मजकुरासाठी झीटेक् किंवा लुआटेक् या टेक्‌च्या नव्या आवृत्त्या आणि संगणकावर बसवलेला ओपनटाइप फॉन्ट हीच वाट घ्या.

ही व्यवस्था आली कुठून

१९८५ साली आलेल्या ॲपलच्या लेझररायटर या प्रिंटरमध्ये, पान कसं उमटवायचं हे सांगणारी ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा होती आणि १३ फॉन्ट कायमचे कोरलेले होते. टाइम्स, हेल्व्हेटिका आणि कुरिअर यांचे चार-चार आणि एक सिम्बॉल. १९८६ च्या लेझररायटर प्लसमध्ये ॲव्हान्ट गार्ड, बुकमन, हेल्व्हेटिका नॅरो, न्यू सेंच्युरी स्कूलबुक आणि पॅलाटिनो यांचे चार-चार, शिवाय झाफ चान्सरी आणि झाफ डिंगबॅट्स असे आणखी २२ आले. अशी ३५ ची संख्या झाली, आणि पुढे पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर म्हटला की हे ३५ असणारच असं सगळे धरून चालू लागले. पोस्टस्क्रिप्ट ३ मध्ये हा संच १३६ फॉन्टांपर्यंत गेला.

टेक् त्याआधीचं. डोनाल्ड नूथ यांनी ते रचताना अक्षराचं रूप आणि अक्षराची चौकट यांची फारकत केली. टीएफएम या फाइलीत प्रत्येक अक्षराची रुंदी, उंची, खोली, तिरक्या अक्षरांसाठीची दुरुस्ती, कर्निंग (ठरावीक अक्षरं शेजारी आली की मधली जागा कमी-जास्त करणं) आणि लिगेचर (‘एफआय’सारखं जोडलेलं अक्षर) एवढंच असतं. त्यावरून टेक् ओळी मोडतं, पानं पाडतं आणि कोणतं अक्षर पानावर कुठे हे सांगणारी डीव्हीआय फाइल लिहितं. अक्षर दिसायला कसं आहे याचा त्याला पत्ताच नसतो. खिळे जुळवणारा जुळारी निदान खिळ्याचा चेहरा तरी बघायचा. टेक् खिळ्याची फक्त जाडी मोजतं. ही फारकत होती म्हणूनच, नूथ यांनी ज्याचा विचारही केला नव्हता असा परका प्रिंटर फॉन्ट टेक्‌मध्ये बसू शकतो.

सुरुवातीच्या काळात टेक्‌चे स्वतःचे फॉन्ट ठिपक्यांच्या रूपात प्रिंटरला पाठवावे लागत. लेझररायटरमध्ये सगळी मिळून दीड मेगाबाइट मेमरी होती, आणि तीनचार आकारांचे फॉन्ट गेले की ती भरून काम अडायचं. अंगभूत फॉन्ट मेमरी खात नव्हता, काम चटकन व्हायचं. टॉम रोकिकी यांनी डीव्हीआय फाइलीची पोस्टस्क्रिप्ट करणारा डीव्हीआयपीएस आणि त्यासोबतचा एएफएम२टीएफएम हा छोटा प्रोग्राम लिहिला तो याच गरजेतून. आपण तोच वापरणार आहोत.

पायरी १: प्रिंटरमध्ये खरोखर काय आहे

माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नका, प्रिंटरलाच विचारा. बहुतेक लेझर प्रिंटरच्या मेनूत फॉन्टांची यादी छापायची सोय असते. पोस्टस्क्रिप्ट आणि पीसीएल (एचपीची प्रिंटर-भाषा) अशा दोन याद्या मिळाल्या तर पोस्टस्क्रिप्टची घ्या. ती छापून हाताशी ठेवा, पुढे प्रत्येक टप्प्यावर ती लागेल.

यादीत फॉन्टचं नाव जसं आहे तसंच, जोडरेघ आणि मोठी-छोटी अक्षरं यांसकट उतरवून घ्या. पोस्टस्क्रिप्टला ‘टाइम्स-रोमन’ ओळखता येतं, ‘टाइम्सरोमन’ नाही. सरळ अक्षरांच्या फॉन्टला काही कुटुंबांत ‘रोमन’ म्हणतात, काहींत नुसतं कुटुंबाचं नाव असतं. तिरक्या अक्षरांना टाइम्समध्ये ‘इटॅलिक’ म्हणतात, हेल्व्हेटिकात ‘ऑब्लिक’. इथे अंदाजाने नाव लिहिलंत तर माझ्यासारखे दोन दिवस घालवाल.

यादीबद्दल शंका असेल तर चार ओळींचा पोस्टस्क्रिप्ट प्रोग्राम लिहून थेट पाठवा. फाइंडफॉन्ट या आज्ञेने फॉन्ट शोधायचा, स्केलफॉन्टने २४ पॉइंट करायचा, सेटफॉन्टने लावायचा, मूव्हटूने पानावर जागा धरायची, शोने दोन-चार शब्द उमटवायचे आणि शोपेजने पान बाहेर काढायचं. हव्या त्या फॉन्टमध्ये शब्द आले तर नाव बरोबर आहे. कुरिअर आला तर नाव चुकलं आहे.

पायरी २: मापांची फाइल मिळवणं

फॉन्ट प्रिंटरच्या पोटात असतो, मापं बाहेर मिळतात. ॲडोबीच्या फॉन्टांची मापं एएफएम या साध्या मजकूर फाइलीत येतात. नेहमीच्या ३५ फॉन्टांच्या एएफएम फाइली टेक् लाइव्ह या टेक्‌च्या तयार संचासोबतच असतात. बाकीच्या फॉन्ट बनवणाऱ्याकडून किंवा फॉन्टच्या अधिकृत संचातून मिळवाव्या लागतात.

एएफएम फाइल एकदा उघडून वाचाच. सगळी मापं एमच्या, म्हणजे फॉन्टच्या पॉइंट-आकाराच्या, हजाराव्या भागात असतात. टाइम्स-रोमनमध्ये मोठ्या ‘ए’ची रुंदी ७२२ आहे, म्हणजे १० पॉइंटात ७.२२ पॉइंट. सगळे अंक ५०० चे, शब्दांमधली जागा २५० ची. कुरिअरमध्ये झाडून सगळी अक्षरं ६०० ची. प्रत्येक अक्षराच्या ओळीत पुढे चार आकडे असतात, ती त्या अक्षराच्या शाईची चौकट. टीएफएममधली उंची आणि खोली तिच्यावरून काढतात. फाइलीच्या शेवटी कर्निंगच्या जोड्या असतात.

एएफएम कुठेच मिळत नसेल तर मापं प्रिंटरकडूनही काढून घेता येतात. पोस्टस्क्रिप्टमधली स्ट्रिंगविड्थ ही आज्ञा रुंदी सांगते, चारपाथ आणि पाथबीबॉक्स मिळून चौकट सांगतात. एकेका अक्षरासाठी हे करून आकडे कागदावर छापायचे किंवा जोडणी दुतर्फा असेल तर संगणकावर परत मागवायचे. पण या वाटेने कर्निंग मिळत नाही, कारण टाइप १, म्हणजे पोस्टस्क्रिप्टच्या नेहमीच्या जातीच्या, फॉन्टच्या प्रोग्राममध्ये कर्निंग नसतंच, ते फक्त मापांच्या फाइलीत असतं. कर्निंगशिवाय ‘ए’ आणि ‘व्ही’ शेजारी आले की मध्ये भोक पडल्यासारखं दिसतं. लेबलांना ते चालून जाईल. पुस्तकाला चालणार नाही.

पायरी ३: क्रमांकांचा करार

या कामातली सगळ्यात जास्त गफलत इथे होते, म्हणून इथे जरा थांबू.

फॉन्टमध्ये अक्षरांना नावं असतात आणि त्या नावांना क्रमांक देणारी एक यादी असते. त्या यादीला एन्कोडिंग म्हणतात. ॲडोबीच्या स्टँडर्ड एन्कोडिंगमध्ये १४९ अक्षरांना क्रमांक आहेत. पण टाइम्समध्ये अक्षरं त्याहून बरीच जास्त असतात. जुन्या संचात २२८ आहेत. उरलेली बहुतेक स्वरचिन्हं लावलेली युरोपीय अक्षरं. एएफएममध्ये त्यांचा क्रमांक उणे १ दिलेला असतो. म्हणजे ती फॉन्टमध्ये आहेत, पण त्यांच्यापर्यंत जायला वाट नाही.

दुसरीकडे टेक्‌चा स्वतःचा वेगळा क्रम आहे. नूथ यांच्या मूळ १२८ जागांच्या क्रमात ‘एफआय’ हे लिगेचर १२ व्या जागी आहे, ॲडोबीच्या क्रमात १७४ व्या. लांब रेघ टेक्‌मध्ये १२४ वर, ॲडोबीमध्ये २०८ वर. नुसती रुंदी जुळवून फॉन्ट वापरलात तर साधी अक्षरं आणि अंक बरोबर येतील, सगळं जमलं असं वाटेल, आणि पहिलं लिगेचर किंवा पहिली लांब रेघ आली की तिथे भलतंच चिन्ह उमटेल किंवा जागा रिकामी राहील. अशी चूक पहिल्या पानावर कधीच दिसत नाही, ती तिसाव्या पानावर दिसते.

यावर उपाय म्हणून दोन थर करतात. खालचा थर म्हणजे कच्चा फॉन्ट. प्रिंटरमधल्या फॉन्टला नवी क्रमांक-यादी लावून त्यातली सगळी उपयोगी अक्षरं वाटेवर आणायची. यासाठी ‘८आर’ नावाची यादी आहे, टेक् लाइव्हमध्ये ती ८आर.ईएनसी या फाइलीत मिळते. वरचा थर म्हणजे आभासी फॉन्ट, म्हणजे व्हीएफ. टेक् ज्या क्रमांकाची अपेक्षा ठेवतं त्या प्रत्येक क्रमांकापुढे ‘कच्च्या फॉन्टमधलं अमुक अक्षर उमटव’ अशी सूचना त्यात असते. एकाऐवजी दोन अक्षरं एकावर एक ठेवण्याची सूचनाही देता येते. नूथ यांनी १९८९-९० च्या सुमारास ही सोय टेक्‌च्या जगात आणली, आणि परक्या फॉन्टांची कटकट खऱ्या अर्थाने तेव्हा संपली.

वरच्या थरासाठी मी टी१ ही २५६ जागांची यादी वापरतो. १९९० मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क इथे भरलेल्या टेक् वापरकर्त्यांच्या परिषदेत ती ठरली, म्हणून तिला कॉर्क एन्कोडिंगही म्हणतात. हिच्यात स्वरचिन्हांची अक्षरं अखंड असतात, त्यामुळे अशा अक्षरांच्या शब्दांतही टेक्‌ला ओळीच्या शेवटी शब्द तोडता येतात. जुन्या १२८ जागांच्या क्रमात नवीन काम सुरू करायचं काहीच कारण उरलेलं नाही.

पायरी ४: मापांचं रूपांतर

उदाहरण म्हणून ऑप्टिमा घेऊ. हरमान झाफ यांचा हा फॉन्ट पोस्टस्क्रिप्ट ३ च्या १३६ मध्ये आहे, जुन्या ३५ मध्ये नाही.

फाइलींची नावं कार्ल बेरी यांच्या पद्धतीने ठेवा. पहिलं अक्षर बनवणाऱ्याचं, ॲडोबीसाठी ‘पी’. पुढची दोन कुटुंबाची, ऑप्टिमासाठी ‘ओपी’. मग वजन आणि रूप, साध्यासाठी ‘आर’. शेवटी यादीची खूण. आठ अक्षरांत सगळं बसवायच्या जुन्या बंधनामुळे ही नावं अशी आखूड झाली. आज ते बंधन नाही, पण सगळी साधनं हीच नावं ओळखतात, म्हणून वेगळी शक्कल लढवू नये. एएफएम फाइलीचं नाव पीओपीआर८ए, कच्च्या फॉन्टचं पीओपीआर८आर, आभासी फॉन्टचं पीओपीआर८टी.

आता एएफएम२टीएफएम चालवा. पहिलं नाव एएफएम फाइलीचं. मग छोट्या ‘पी’चा पर्याय आणि त्यापुढे ८आर.ईएनसी, ही प्रिंटरच्या बाजूची यादी. मग छोट्या ‘टी’चा पर्याय आणि त्यापुढे ईसी.ईएनसी, ही टेक्‌च्या बाजूची टी१ यादी. मग छोट्या ‘व्ही’चा पर्याय आणि पीओपीआर८टी.व्हीपीएल. सगळ्यात शेवटी पीओपीआर८आर.टीएफएम. पर्यायांच्या अक्षराआधी एक आडवी रेघ असते, नेहमीसारखी.

आज्ञा पूर्ण झाली की पडद्यावर एक ओळ उमटते. ती पुसू नका, पाचव्या पायरीत तीच लागणार आहे. व्हीपीएल ही माणसाला वाचता येणारी फाइल आहे. व्हीपीटूव्हीएफ या आज्ञेने तिच्यापासून पीओपीआर८टी.व्हीएफ आणि पीओपीआर८टी.टीएफएम तयार करा. या टप्प्यावर काही उंची अमुक इतक्या एककांनी गोल करावी लागली असा निरोप येऊ शकतो. घाबरू नका. टीएफएममध्ये एका फॉन्टसाठी शून्यासह फक्त १६ वेगवेगळ्या उंची आणि १६ खोली मावतात, त्यामुळे जवळजवळची मापं एकत्र करावी लागतात. छापलेल्या पानावर हा फरक कळत नाही.

ठळक, तिरका आणि ठळक-तिरका या तिन्हींसाठी हेच पुन्हा करा. फॉन्टचं तिरकं रूप प्रिंटरमध्ये नसेल तर छोट्या ‘एस’च्या पर्यायाने साधं रूपच कलवता येतं, .१६७ हा नेहमीचा कल. ‘ई’च्या पर्यायाने रुंदी बदलते. हेल्व्हेटिका नॅरो हा असाच ८२ टक्क्यांवर दाबलेला हेल्व्हेटिका आहे. ‘ए’ची ६६७ ची रुंदी तिथे ५४७ होते. मोठ्या ‘व्ही’चा पर्याय छोट्या आकाराची कॅपिटल अक्षरंही बनवून देतो, मूळच्या ०.८ पट. ती मला कधीच आवडली नाहीत. रेघाही त्याच प्रमाणात बारीक होतात आणि अक्षरं शेजारच्या मजकुरापुढे अशक्त दिसतात. एखाद्या मथळ्यात ठीक, मजकुरात नको.

पूर्ण कुटुंबं एकदम करायची असतील, किंवा जी अक्षरं फॉन्टमध्ये नाहीत ती तुकड्यांतून रचायची असतील, तर ॲलन जेफ्री यांचा फॉन्टइन्स्ट जास्त ताकदीचा आहे. तो टेक्‌मध्येच लिहिलेला आहे आणि लाटेक्‌ला लागणाऱ्या एफडी फाइलीही तोच लिहून देतो. जे अक्षर रचताच येत नाही तिथे तो काळी चौकट ठेवतो आणि तसा इशारा देतो. चूक लपवण्यापेक्षा ती डोळ्यांसमोर ठेवणं, ही त्याची वृत्ती मला फार पटते. पण एक-दोन फॉन्टांसाठी तो शिकत बसू नका.

पायरी ५: नकाशात नाव घालणं

आता डीव्हीआयपीएसला सांगायचं की पीओपीआर८आर नाव दिसलं की प्रिंटरमधला ‘ऑप्टिमा’ वापर. यासाठी .मॅप शेपटाची स्वतःची वेगळी फाइल करा. एका फॉन्टला एक ओळ. ओळीत आधी कच्च्या टीएफएमचं नाव, मग फॉन्टचं पोस्टस्क्रिप्ट नाव, मग दुहेरी अवतरणांत यादीचं अंतर्गत नाव आणि ‘रीएन्कोडफॉन्ट’ हा शब्द, मग ‘पेक्षा लहान’ची खूण आणि तिला चिकटून ८आर.ईएनसी. मघाशी पडद्यावर उमटलेली ओळ हीच. फॉन्ट कलवला असेल तर त्याच अवतरणांत .१६७ आणि ‘स्लँटफॉन्ट’ येतं.

नकाशात फक्त कच्चा फॉन्ट येतो, आभासी नाही. आभासी फॉन्ट डीव्हीआयपीएस स्वतःच उलगडून घेतो. आणि ओळीच्या शेवटी पीएफबी, म्हणजे खुद्द फॉन्टच्या, फाइलीचं नाव नसणं, हीच ‘फॉन्ट प्रिंटरमध्ये आहे, सोबत पाठवू नकोस’ ही सूचना.

फाइली जागच्या जागी ठेवा. स्थानिक टेक्समएफ झाडातल्या (म्हणजे टेक्‌च्या फाइलींच्या फोल्डररचनेतल्या) फॉन्ट्स फोल्डरमध्ये टीएफएम, व्हीएफ आणि एएफएम यांचे आपापले उपफोल्डर असतात, नकाशासाठी मॅप आणि त्यात डीव्हीआयपीएस. मग एमकेटेक्सएलएसआर चालवून यादी ताजी करा आणि अपडेटमॅप-सिसला ‘एनेबल’ पर्यायाने तुमची मॅप फाइल कळवा. इथे या आज्ञेचं नाव रोमनमध्ये ‘यूपीडीएमएपी’ असं टाइप होतं, मग आडवी रेघ, मग ‘एसवायएस’.

नेहमीच्या ३५ फॉन्टांबाबत एक फसगत होते. आताच्या टेक् लाइव्हमध्ये डीव्हीआयपीएस हे फॉन्टही काम पाठवताना फाइलीत भरतो. १९९६ मध्ये यूआरडब्ल्यू या संस्थेने खुले केलेले हुबेहूब मापांचे निंबस वगैरे फॉन्ट त्यासाठी वापरले जातात. म्हणजे तुम्हाला वाटतं प्रिंटरमधला टाइम्स छापला जातोय, आणि प्रत्यक्षात निंबस रोमन छापला जात असतो. प्रिंटरमधलाच हवा असेल तर अपडेटमॅपमधला ‘डीव्हीआयपीएसडाउनलोडबेस३५’ हा पर्याय ‘फॉल्स’ करावा लागतो.

पायरी ६: लाटेक्‌ला ओळख करून देणं

साध्या टेक्‌मध्ये ‘फॉन्ट’ आज्ञेने पीओपीआर८टी थेट लावता येतो. लाटेक्‌ला एफडी फाइल लागते. तिचं नाव यादीचं आणि कुटुंबाचं मिळून होतं: टी१पीओपी.एफडी. आत एक ओळ कुटुंब जाहीर करणारी आणि प्रत्येक रूपासाठी एक ओळ: यादी, कुटुंब, वजन, रूप, कोणत्या आकारांना, कोणती टीएफएम. अंगभूत फॉन्ट कुठल्याही आकारात चालतो, म्हणून आकाराच्या जागी फक्त ‘लहान, रेघ, मोठं’ ही खूण लिहायची, आकडे नाहीत. टी१पीटीएम.एफडी ही तयार फाइल उघडून तिच्यावरून ओळी उतरवा, शून्यापासून लिहू नका.

कुरिअरसारख्या एकसारख्या रुंदीच्या फॉन्टात शब्दांमधली जागा ताणली किंवा आवळली जात नाही. दोन्ही कडा सरळ धरायचा हट्ट धरलात तर टेक् प्रत्येक ओळीवर तक्रार करेल. उजवी कड मोकळी सोडा.

कागदावरची परीक्षा

पडद्यावर पाहून समाधान मानू नका. पोस्टस्क्रिप्ट पडद्यावर दाखवणारा घोस्टस्क्रिप्ट आपल्याजवळचा पर्यायी फॉन्ट वापरतो, त्यामुळे पडद्यावर सगळं छानच दिसतं. निकाल कागदावर लागतो.

नूथ यांची टेस्टफॉन्ट ही फाइल टेक्‌ला द्या, फॉन्टचं नाव विचारल्यावर पीओपीआर८टी सांगा, मग ‘टेबल’ आणि ‘टेक्स्ट’ या आज्ञा. टेबलमध्ये प्रत्येक क्रमांकापुढचं अक्षर दिसतं. टी१ च्या छापील तक्त्याशी ते रांग-रांग ताडून पाहा. काही जागा रिकाम्या असतील. ती अक्षरं या फॉन्टमध्ये नाहीतच. ‘एफएफ’, ‘एफएफआय’ आणि ‘एफएफएल’ ही लिगेचरं या जुन्या फॉन्टांत सहसा नसतात, तिथे सुटी अक्षरं येणं बरोबरच आहे.

मग मोजपट्टीची परीक्षा. ती मी प्रत्येक वेळी करतो. १० पॉइंटात मध्ये जागा न सोडता ४० अंक सलग छापा. टाइम्समध्ये एक अंक ५ पॉइंटांचा, म्हणजे एकूण २०० पॉइंट. टेक्‌च्या हिशेबात एका इंचात ७२.२७ पॉइंट बसतात, म्हणून कागदावर ही लांबी सुमारे ७०.३ मिलिमीटर भरायला हवी. पोस्टस्क्रिप्टचा पॉइंट इंचाचा नेमका ७२ वा भाग असतो. हा फरक डीव्हीआयपीएस सांभाळतो, हाताने हिशेब करताना मात्र तो तुम्ही सांभाळायचा. ७८ मिलिमीटर भरले तर तिथे ५५६ रुंदीच्या अंकांचा हेल्व्हेटिका आला आहे. ८४ भरले तर कुरिअर. दुसऱ्या कुठल्या फॉन्टसाठी एएफएममधली अंकाची रुंदी घेऊन हाच हिशेब मांडा.

चूक निघाली तर ती नाव, क्रमांक आणि माप यांपैकी कशाची हे लक्षणावरून कळतं. सगळा मजकूर कुरिअरमध्ये आला तर नाव चुकलं आहे. नकाशातली ओळ आणि प्रिंटरची यादी शेजारी ठेवून अक्षर-अक्षर वाचा. फॉन्ट बरोबर पण लिगेचर, अवतरणं, रेघा भलत्याच, तर क्रमांक चुकले आहेत. बहुधा नकाशात ८आर.ईएनसी राहिलेली असते किंवा एएफएम२टीएफएमला दिलेली यादी आणि नकाशातली यादी वेगळी असते. अक्षरं सगळी बरोबर पण शब्दांमध्ये विचित्र जागा आणि ओळींच्या कडा वेड्यावाकड्या, तर माप चुकलं आहे. एएफएम दुसऱ्या आवृत्तीच्या फॉन्टची आहे, किंवा प्रिंटरमधला फॉन्ट त्या नावाखाली दडलेली नक्कल आहे.

आणि सगळं बरोबर असूनही प्रिंटरमधला फॉन्ट वापरलाच जात नसेल तर वाटेत कोण आहे ते बघा. अनेक यंत्रणांवर छपाईची रांग सांभाळणारं सॉफ्टवेअर आलेली पोस्टस्क्रिप्ट आधी पीडीएफमध्ये बदलतं. त्यातच फॉन्ट बदलतो किंवा आत भरला जातो, आणि प्रिंटरकडे पोचतं ते वेगळंच काहीतरी. अशा वेळी ‘एलपी’ आज्ञेला ‘रॉ’ हा पर्याय देऊन फाइल जशीच्या तशी पाठवा.

पोस्टस्क्रिप्ट नसलेला प्रिंटर असेल तर

एचपीच्या पीसीएल प्रिंटरमध्येही अंगभूत फॉन्ट असतात. १९९० च्या लेझरजेट ३ पासून सीजी टाइम्स आणि युनिव्हर्स हव्या त्या आकारात मिळू लागले, आणि १९९२ च्या लेझरजेट ४ मध्ये असे ४५ फॉन्ट होते. तिथे फॉन्ट नावाने नाही, एस्केप या खुणेने सुरू होणाऱ्या संकेतांनी निवडतात, आणि क्रमांकांची यादीही, म्हणजे सिम्बॉल सेट, त्याच संकेतांनी सांगायची असते. तत्त्व तेच, फक्त नावाच्या जागी संकेत. टेक्‌साठी डीव्हीआयएलजे हा ड्रायव्हर आहे आणि त्याच्या लेझरजेट ४ च्या आवृत्तीला अंगभूत फॉन्ट कळतात.

एका गोष्टीपासून मात्र जपा. एचपीच्या फॉन्ट-मापांच्या फाइलींचं शेपूटही टीएफएमच असतं, आणि टेक्‌च्या टीएफएमशी तिचा काडीचा संबंध नाही. ती फाइल टेक्‌च्या फोल्डरमध्ये टाकलीत तर टेक् सांगेल की मापांची फाइल खराब आहे. फाइल खराब नसते, दुसऱ्या घरची असते. शंका आली की टीएफटूपीएल चालवून पाहा. टेक्‌ची खरी टीएफएम असेल तर सगळी मापं वाचता येतील अशी समोर येतात, नसेल तर तो लगेच नाकारतो.

परीक्षेचं पान बरोबर निघालं की त्याच्या मागच्या बाजूला प्रिंटरचं मॉडेल, एएफएमची आवृत्ती आणि नकाशाच्या ओळी लिहून ते प्रिंटरच्या फॉन्ट-यादीला टाचून ठेवा. प्रिंटर बदलला तर नवं पान छापा, जुन्यावर ठेवा आणि दोन्ही उजेडासमोर धरा. ४० अंकांच्या ओळी एकमेकींवर बसल्या तर जुन्या फाइली तशाच चालतील. नाहीतर दुसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा.